कोंबडी २१ दिवस बसते, तरी पिल्लं चारच का निघतात?

खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या कोंबडीखाली पंधरा अंडी ठेवली. ती एकवीस दिवस जागची हलली नाही, आणि पिल्लं निघाली चार. उरलेली अंडी कानाशी धरून हलवली तर आत पाणी डुचमळतंय. पुढच्या वर्षी कोंबडी बदलली, टोपली बदलली, दिवस बघून अंडी बसवली, तरी तेच. आमच्याकडे सलग तीन उन्हाळे हे झालं. शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं शेत आहे. दहा-बारा गावरान कोंबड्या, एक कोंबडा, एवढाच पसारा. आजूबाजूच्या गावांतल्या बायाही हीच तक्रार सांगतात आणि बहुतेकजणी कोंबडीला दोष देऊन तिला बाजाराच्या दिवशी विकून टाकतात. मीही एक विकली. ती विकायला नको होती, हे फार उशिरा कळलं.

ज्यांच्याकडे वर्षामागून वर्ष हेच चाललंय त्यांना माझं पहिलं सांगणं असं, की न निघालेली अंडी फेकू नका. बावीस-तेविसाव्या दिवशी ती घरापासून लांब, उकिरड्याजवळ न्या, नाकाला फडकं बांधा आणि एकेक फोडून बघा. काम घाण आहे. एखादं अंडं हातातच फुटतं आणि वास दोन दिवस जात नाही, म्हणून हातात पिशवी घाला आणि नंतर सगळं चुना टाकून पुरा. पण कोणत्या दिवशी काय बिघडलं हे त्या अंड्यांइतकं स्पष्ट दुसरं कोणी सांगत नाही.

मी फोडली ती अकरा अंडी होती. दोन आतून अगदी ताज्यासारखी, पिवळं बलक तसंच. ती फळलेलीच नव्हती. सहांमध्ये रक्ताचं बारीक कडं किंवा करंगळीच्या नखाएवढा काळपट गोळा, म्हणजे जीव धरला आणि पहिल्या चार-सहा दिवसांत मेला. तीन अंड्यांत पिसं आलेलं पुरं पिल्लू, चोच पंखाखाली, आणि आतला पडदा चामड्यासारखा वाळून अंगाला चिकटलेला. ती तीन पिल्लं पाहून मला रडू आलं. एका दिवसाचा प्रश्न होता.

अकरांतली सहा पहिल्याच आठवड्यात गेलेली. कोंबडी तर तेव्हा सगळ्यात घट्ट बसलेली असते. मग बिघडलं कुठे? सासूबाई अंगणात उभ्या होत्या, त्या सहज म्हणाल्या, "कोंबडीना काय दोष शे माय? अंडा घरमाच तपी गयात." म्हणजे अंडी घरातच तापून गेली.

तिथेच उत्तर होतं. अंडं बाहेर पडतं तेव्हा ते जवळपास एक दिवस कोंबडीच्या पोटात तयार होऊन आलेलं असतं आणि आतल्या बिजाची वाढ सुरू झालेली असते. बाहेर गारवा मिळाला की ते बीज थांबतं, झोपतं म्हणा. पण हवा साधारण २१-२२ अंशांच्या वर गेली की ते अर्धवट जागं व्हायला लागतं. नीट वाढायला त्याला ३७.५ अंशांच्या आसपासची एकसारखी ऊब लागते, ती कोंबडीखालीच मिळते. मधल्या उष्णतेत बीज धड झोपत नाही, धड वाढतही नाही. दुपारी थोडं वाढतं, पहाटे थांबतं, परत दुपारी वाढतं. असे दहा-बारा दिवस काढले की कोंबडीखाली जाण्याआधीच त्याची ताकद संपते. वरून अंडं चांगलंच दिसतं.

आता आपल्याकडचा हिशोब मांडा. गावरान कोंबडी रोज अंडं देत नाही. पंधरा अंडी साठायला वीस-पंचवीस दिवस लागतात. आमची अंडी स्वयंपाकघरात पत्र्याच्या डब्यात, वर पत्र्याचं छप्पर, आणि महिना चैत्राचा. बाहेर ४२ अंश असताना त्या डब्यात काय होत असेल! कोंबडी खुडूक होईपर्यंत सगळ्यात जुनं अंडं तीन आठवड्यांचं झालेलं असे. आणि ज्यांच्याकडे अंडी उचलतच नाहीत, कोंबडी जिथे घालते तिथेच राहू देतात, तिथे दुसरा घोळ होतो. रोज कोणीतरी कोंबडी येऊन त्यावर तासभर बसते, अंडी ऊब धरतात आणि परत निवतात.

सासूबाईंच्या काळी हे एवढं होत नव्हतं. याला कारण घर आहे असं माझं ठाम मत आहे. तेव्हा आमचं धाब्याचं घर होतं, जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. वैशाखातही आतली खोली गार. अंडी कोपऱ्यात बाजरीच्या दाण्यांत पुरून ठेवत आणि कोंबडीही त्याच खोलीत, कणगीमागे बसे. धाबं पाडून आम्ही पत्रे टाकले, कोंबड्यांना बाहेर पत्र्याचं खुराडं केलं, आणि रीत मात्र जुनीच ठेवली. ती रीत त्या घरासाठी होती.

उपाय खर्चाचा नाही. माठाखाली जी वाळू ठिबकून कायम ओली असते, तिच्यात एक छोटं मडकं गळ्यापर्यंत रोवा. मडक्यात कोरडं सुती फडकं किंवा भुसा घाला, अंडं जाड टोक वर करून ठेवा, तोंडावर विरळ कापड. वाळू रोज भिजवायची, पण अंडी ओली होऊ द्यायची नाहीत. अंडं रोज सकाळ-संध्याकाळ उचलायचं आणि शिसपेन्सिलने त्यावर तारीख घालायची. ही तारीख घालायला लागल्यापासून मला स्वतःचीच चूक रोज डोळ्यांसमोर दिसायला लागली. सात दिवसांच्या आतलं अंडं बसवायला उत्तम, दहा दिवसांपुढचं घरात खाऊन टाकायचं. कोंबडीने जागा सोडू नये म्हणून घरट्यात एक लाकडाचं किंवा चुन्याचं खोटं अंडं ठेवलं की झालं. पंधरा अंडी हवीत आणि सात दिवसांत एका कोंबडीची तेवढी होत नाहीत, तर दोघी-तिघींची एकत्र करा. खुडूक कोंबडीला अंडं कोणाचं हे कळत नाही.

फ्रिज असला तरी त्यात ठेवू नका. तिथे ४-५ अंश असतात, इतक्या थंडीत बिजाला इजा होते. शिवाय बाहेर काढल्यावर टरफलाला पाणी सुटतं आणि टरफलाच्या हजारो बारीक छिद्रांतून घाण आत ओढली जाते. याच कारणाने अंडी धुवायचीही नाहीत. शेण लागलेलं अंडं कोरड्या फडक्याने पुसून निघालं तर ठीक, नाहीतर ते बसवायचं नाही. एक घाणेरडं अंडं खाली सडून फुटलं की त्या रसाने बाकीचीही नासतात.

आता ती वाळलेली तीन पिल्लं. यांचा दोष साठवणीचा नव्हता, जागेचा होता. अंड्यातलं पाणी एकवीस दिवस छिद्रांवाटे थोडं थोडं उडतच असतं आणि तेवढं उडायलाही हवं, त्यामुळे जाड टोकाशी हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू पहिला श्वास तिथेच घेतं. पण आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात हवा इतकी कोरडी असते की हे पाणी जास्तच उडतं. शेवटच्या तीन दिवसांत पिल्लू टरफल टोचायला वळतं तेव्हा पडदा मऊ हवा, तो वाळलेला असला तर पिल्लू आतच जखडतं. आम्ही कोंबडी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये गोणपाटावर बसवत होतो, वरून पत्रा. खालून ओल नाही, वरून आग.

आता मी घमेल्यात किंवा रुंद टोपलीत चार बोटं काळी माती घालते, मध्ये बशीसारखा खळगा करते, माती चांगली भिजवून वरचं पाणी आटू देते आणि मग त्यावर वाळलेलं गवत अंथरते. अठराव्या दिवसापासून कडेच्या मातीवर रोज तांब्याभर पाणी हळूच सोडायचं. खळग्यात नाही, फक्त कडेला. माती ओल धरते आणि कोंबडीच्या उबेने ती वाफ अंड्यांना मिळते. खळगा मात्र उथळच हवा. खोल केला तर अंडी एकावर एक चढतात आणि कोंबडीला ती फिरवता येत नाहीत.

जागा पत्र्याखाली नको, एवढं तरी कराच. कोंबडीच्या स्वतःच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या वर असतं. खुराड्यातली हवाही तेवढीच तापली की ती चोच उघडी टाकून धापते आणि अंड्यांवरून उठून बाजूला उभी राहते. लोक म्हणतात, बसत नाही, बेइमान आहे. तिने करायचं तरी काय? आम्ही निंबाखाली तुराट्यांचा कूड घातला, शेणमातीने लिंपला, वर पऱ्हाट्या आणि त्यावर केळीची वाळलेली पानं. दुपारी बाहेरून एक ओलं गोणपाट टाकते.

तरीही माझा सल्ला हाच, की महाशिवरात्रीच्या सुमाराला शेवटची कोंबडी बसवा आणि मग पोळा होईपर्यंत थांबा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास बसवलेल्या अंड्यांचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आषाढ-श्रावणात पिल्लं निघतात, पण ओलीने मरतात. दसरा-दिवाळीची रवण, म्हणजे तेव्हा बसवलेली अंडी, सगळ्यात चांगली. तेव्हा ज्वारी-बाजरीच्या कण्याही घरात असतात. पौषात धुळ्याकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पंधराऐवजी नऊ-दहाच अंडी द्या. कडेची अंडी तिच्या पंखाबाहेर राहिली तर ती गारठतात, आणि कोंबडी अंडी फिरवत असल्याने रोज वेगळं अंडं कडेला येतं, म्हणजे हळूहळू सगळीच बिघडतात.

ज्येष्ठातल्या गडगडाटाने अंडी नासतात असं आपल्याकडे सांगतात आणि त्यासाठी घरट्यात लोखंडाचा खिळा ठेवतात. खिळा ठेवा, त्याने काही बिघडत नाही. पण विजा कडाडतात त्या दिवसांत कोंबडीखाली असलेली अंडी वैशाखात साठवलेली असतात, हे लक्षात घ्या. माझ्या मते ती पाऊस येण्याआधीच गेलेली असतात.

फोडलेल्या अंड्यांत वेगळं काही निघालं तर कारणही वेगळं. निम्म्याहून जास्त अंडी न फळलेली असतील तर कोंबड्याकडे बघा. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा लागतो, आणि तो म्हातारा, लंगडा किंवा पायाच्या नख्या फार वाढलेला असेल तर नुसता आरवून उपयोग नाही. हे सातव्या दिवशीच कळू शकतं. रात्री अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरा. आत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर जीव आहे. स्वच्छ पिवळसर उजेड आरपार दिसला तर ते काढून घ्या, म्हणजे बाकीच्यांना ऊब जास्त मिळते. चौदाव्या दिवशी परत बघा, तेव्हा पोकळी सोडून बाकी अंडं काळं दिसायला हवं.

वेगवेगळ्या वाढीची पिल्लं आत मेलेली सापडली, एक दहा दिवसांचं, एक पंधराचं, तर दुसऱ्या कोंबड्या त्याच घरट्यात येऊन अंडी घालून गेल्या. पहिली चार पिल्लं निघाली की आई त्यांना घेऊन उठते आणि मागाहून आलेली अंडी गार पडतात. म्हणून बसवताना प्रत्येक अंड्यावर कोळशाने रेघ मारा आणि कोंबडी खायला उठली की बिनरेघेचं अंडं काढून घ्या. खुडूक कोंबडी वेगळ्या जागी हलवायची असेल तर रात्रीच हलवा, दिवसा हलवलेली परत जुन्या जागी पळते. नव्या जागी दोन दिवस खोट्या अंड्यांवर बसवून पाहावी, डालं झाकून. टिकली तर तिसऱ्या रात्री खरी अंडी सरकवावीत. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पहिल्यांदाच खुडूक झाली असेल तर तिला सहा-सातच अंडी द्या.

अंडी मधल्याच दिवसांत गार पडून मेली, आणि कोंबडी रात्री उठते असं दिसलं, तर घरट्यात हात घाला. थोड्या वेळात हातावर डोळ्यांना जेमतेम दिसणारे लालसर किडे चढले, तर त्या कोंबडीच्या लाल पिसवा (रेड माइट) आहेत. त्या दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. एकवीस दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीला त्या अक्षरशः खाऊन टाकतात. मी एकदा पाहिलंय, तुरा पांढरा पडला होता तिचा. गवत जाळून टाका, टोपली कडक उन्हात तापवा, खुराड्याला चुना मारा, फटींत चुना दाबून भरा. नवीन गवताखाली वाळलेला निंबाचा पाला घाला आणि कोंबडीला लोळायला राखेचा खड्डा करून द्या. कीटकनाशक अंड्यांवर किंवा बसलेल्या कोंबडीवर मारायचं नाही.

बसलेली कोंबडी दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठायलाच हवी. खाते, पाणी पिते, एक मोठी घाणेरडी विष्ठा टाकते आणि परत येते. काही कोंबड्या उठतच नाहीत आणि घरट्यातच हगतात. त्यांना दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवा, मात्र पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते आधी बघा. मका किंवा ज्वारीचे अख्खे दाणे द्या, त्याने तिला पातळ होत नाही.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी हात आवरा. टोचा मारल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तासही लागतात. मध्ये ते थांबतं, आपल्याला वाटतं मेलं. त्या वेळात ते उरलेलं बलक पोटात ओढून घेत असतं आणि पडद्यातलं रक्त आटत असतं. आपण टरफल सोललं तर रक्त वाहून मरतं. निघालेलं पिल्लू त्या बलकावर दोन दिवस आरामात काढतं, त्याला खायला द्यायला म्हणून आईला उठवू नका. ती उठली की टोचलेली अंडी गेली. या दोन दिवसांत लाल मुंग्यांपासून मात्र जपा. टोचलेल्या भेगेतून त्या आत शिरतात. टोपली चार विटांवर ठेवून विटा पाण्याच्या परातीत ठेवायच्या.

निघालेली पिल्लं पुढच्या पंधरा दिवसांत संपतात, ही दुसरी तक्रार. यातली बरीचशी पिल्लं घार, मुंगूस, मांजर आणि कावळा नेतात. पहिले आठ-दहा दिवस आईसकट डाल्याखाली ठेवण्याला पर्याय नाही. पाणी उथळ बशीत द्या आणि बशीत खडे टाका, नाहीतर भिजून गारठतात. नुसत्या कण्यांवर पिल्लू वाढत नाही, अंगाला मांस धरायला त्याला किडामुंगी लागते. मडक्यात शेण, काडीकचरा आणि ओलं गोणपाट भरून बांधावर वाळवीच्या जागी रात्री पालथं घाला. सकाळी ते वाळवीने भरलेलं असतं, आणि ते पिल्लांपुढे झटकलं की बघत राहावंसं वाटतं. ज्यांना जमेल त्यांनी पहिला महिना पिल्लांचं तयार खाद्य द्यावं.

मानमोडीची लस मात्र चुकवू नका. हाच तो राणीखेत रोग, आणि आला की अख्खं खुराडं रिकामं करून जातो. मी एका हिवाळ्यात सव्वीस पिल्लं चार दिवसांत पुरली. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात परत, आणि आठव्या आठवड्याच्या सुमाराला टोचायची लस. अडचण अशी, की कुपी शंभर पिल्लांची येते आणि आपल्याकडे असतात बारा, म्हणून बाया टाळतात. आम्ही गल्लीतल्या पाच-सहा घरांनी कोंबड्या एकाच आठवड्यात बसवायला सुरुवात केली, आता एकाच कुपीत सगळ्यांचं होतं. लस बर्फात आणायची, सकाळी गारव्यात घालायची, कालवल्यावर दोन तासांत संपवायची, उरलेली फेकायची. ऊन लागलेली लस पाण्यासारखी असते, आणि मग लस देऊनही मेली असं म्हणत बसतो आपण. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पंख सोडून बसली आणि विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. ओलं अंथरूण हे तिचं मूळ. भुसा बदला आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणा. मोठ्या कोंबड्या एकदम पटापट मेल्या तर त्या कापू नका, नाल्यात टाकू नका, दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आपल्या भागातल्या लोकांनी काय सोसलं ते विसरण्यासारखं नाही.

उन्हाळ्यात कोंबडी खुडूक झाली आणि अंडी बसवायची नसतील तर तिच्या नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुडवणं हे कृपा करून करू नका. तिला खालून हवा लागेल अशा जाळीच्या किंवा बांबूच्या पिंजऱ्यात, गवत न घालता, सावलीत तीन-चार दिवस ठेवा. दाणा-पाणी नेहमीसारखं द्या. पोटाखालची ऊब मोडली की खुडूक मोडते.

मागच्या दिवाळीत तेरा अंडी बसवली, सगळी सहा दिवसांच्या आतली. अकरा पिल्लं निघाली. उरलेली दोन फोडली, एक न फळलेलं होतं आणि एकात रक्ताचं कडं. त्या कड्याच्या अंड्यावरची तारीख बघितली तर ते त्या तेरांतलं सगळ्यात जुनं होतं.